चार फियाट, एक कार्बोरेटर

आमच्या घराखाली एक गाळा आहे. उस्मानपुऱ्यात, रस्त्यालगत, शटरचा. आत नळ आहे, उत्तरेचा उजेड आहे आणि भिंतींना ओल नाही. माती-पाणी तपासायची प्रयोगशाळा काढायला याहून चांगली जागा मला मिळाली नसती. वाळूजच्या एका औषध कंपनीत मी बरीच वर्षं तपासणी विभागात होते. कंपनीने तो विभागच दुसऱ्या राज्यात हलवला, तेव्हा मी घरी आले आणि एकेक उपकरण जमवायला लागले. ब्युरेट पलंगाखाली, पीएच मीटर साड्यांच्या कप्प्यात, फ्लेम फोटोमीटर देवघराशेजारी. पाहुणे त्याला मिक्सर समजत.

गाळ्यात फियाट होती.

शिवराज, माझा नवरा, कॉलेजात भूगोल शिकवतो. ती गाडी त्याने पैठण रोडवरच्या एका शेडमधून आणली. तिथं तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. "क्लासिक आहे, तनू," तो म्हणाला होता. "अशा गाड्या आता बनत नाहीत." हे खरं होतं. का बनत नाहीत, हे मी विचारलं नाही.

खिसा हलका असला की माणूस कल्पक होतो म्हणतात. माझं निरीक्षण एवढंच, की तो एमसील विकत घेतो. भोक असेल तिथं शिवराज एमसील भरायचा आणि गंज असेल तिथं लांबी, म्हणजे रंगाच्या आधी लावतात ती पुट्टी. एकदा मी दरवाजाला लोहचुंबक लावून पाहिलं. ते खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"चुंबक जुना असेल," शिवराज म्हणाला.

त्याच्यासारखे आणखी तिघं होते. पहिले काकासाहेब. नाव काकासाहेब, पण शिवराजचे मामा. हर्सूलच्या पलीकडे त्यांचा मळा आहे. दुसरा सोमनाथ, बँकेत आहे, औरंगपुऱ्याच्या बोळात राहतो. तिसरे बद्रीनाथ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते एकटेच राहतात, त्यामुळे त्यांची गाडी चालते की नाही हे विचारणारं घरात कोणी नाही, आणि म्हणून ते सगळ्यांत जास्त आत्मविश्वासाने बोलतात. चौघांकडे चार फियाट. चौघांनी मिळून मंडळ काढलं होतं: 'दख्खन क्लासिक मोटार मंडळ'. छापील टोप्याही होत्या. मिस्त्रीकडे जायचं नाही, एकमेकांच्या वस्तू एकमेकांना वापरायला द्यायच्या आणि मैत्रीत कुणाचं काय हे विचारायचं नाही, असा मंडळाचा नियम होता.

आमची गाडी अधूनमधून चालू व्हायची. एखाद्या रविवारी ती झोकात सुरू होई. शिवराज मला क्रांती चौकापर्यंत फिरवून आणी. मग पुढचे काही रविवार ती हूं की चूं करत नसे. "हवा दमट आहे," तो म्हणे. नंतर "हवा कोरडी आहे," असंही म्हणाला. एकाच यंत्राला दोन्ही हवा बाधत असतील, तर कारण हवा नसतं. मी बॉनेट उघडून पाहिलं. जिथं पेट्रोलमध्ये हवा मिसळून देणारा कार्बोरेटर बसतो, तिथं इंजिनावर फक्त एक बोळा कोंबलेला होता.

पाणी कुठून कुठं झिरपतं हे शोधायचं असेल, तर त्यात थोडा रंग सोडतात. आमची गाडी पुढच्या खेपेला सुरू झाली, त्या संध्याकाळी मी कार्बोरेटरच्या बुडाला कॉफी रंगाच्या नेलपॉलिशचा एक ठिपका लावला आणि वाट पाहिली.

फार दिवस पाहावी लागली नाही. मामांनी मळ्यावर हुरड्याला बोलावलं. त्या दिवशी मामांची गाडी चालू होती. विहिरीपासून गोठ्यापर्यंत ते ती पुन्हा पुन्हा फिरवत होते आणि बाकीचे तिघं मागून चालत टाळ्या वाजवत होते. गाडी थांबल्यावर पुरुष मंडळी आगटीजवळ गेली. मी बॉनेटखाली मोबाइलचा उजेड धरला. कॉफी रंगाचा ठिपका.

"काय बघितीस गं त्यात?" साळूमामी कणीस चोळता चोळता म्हणाल्या. मामी मामांपेक्षा कमी बोलतात, पण मामांचं अर्धवट राहिलेलं बोलणं त्याच पुरं करतात.

"मामी, हा कार्बोरेटर आमच्या गाडीतला आहे."

"तुमचा कसा? ह्यांनी हैदराबादहून आणलाय."

सोमनाथची बायको करुणा शेजारीच होती. "हैदराबादहून? आमच्याकडं तर पुण्याहून कुरिअरनं आला. सोमनाथनं त्याला हळदीकुंकू लावायला लावलं मला."

मी ठिपका दाखवला. मग मामींच्या खांद्यापासून हसू सुरू झालं.

"अगं बया! चार नवरदेव आन् फेटा एकच व्हय!"

करुणाला हसू आलं नाही. "म्हणजे मी इतकी वर्षं स्कूटर रस्त्यावर लावते ती एका डब्यासाठी?"

"तू स्कूटरचं काय घिऊन बसली. माझ्या दोन म्हशी थंडीत भाईर बांधलेल्या हायेत. गोठ्यात ह्यांची गाडी हाय ना. म्हशीला गाडीचा धूर बाधतो म्हनं, म्हनून म्हशीच भाईर."

मी विचारलं, "आत्ताच जाऊन सांगायचं का?"

"नाय," मामी म्हणाल्या. "गडी मानूस उघडा पडला की लई चिडतो, आन् चिडला की रुसतो, आन् रुसला की पुन्ना आपल्यालाच समजूत काढावी लागती. त्यापेक्षा चारी गाड्या एकाच दिशी भाईर काढाय लावू. वेरूळला. घृष्णेश्वराचं दर्शन बी हुईल."

त्याच रात्री जेवताना मी शिवराजपुढे अट मांडली. आम्ही दोघं एका कॉलेजातले, त्यामुळे एकटे असताना अरे-तुरे करतो.

"पुढच्या रविवारी वेरूळ. गाडी स्वतःच्या इंजिनावर जाईल आणि दिवेलागणीच्या आत घरी परत येईल. आली, तर गाळा तिचा. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आली, तर गाळा माझा."

"पुढच्या रविवारी आपला नंबर नाही," तो म्हणून गेला.

"कसला नंबर?"

"सर्व्हिसिंगचा."

"मग पुढं ढकलू या?"

तो ताटाकडे बघत राहिला. बाहेर उभ्या गाडीचं काय होतं हे त्याला माहीत होतं. गाळा गेला असता तर गाडी उघड्यावर आली असती आणि उघड्यावरून भंगारात. "नाही," तो म्हणाला. "जाऊ."

शिवराज गुप्त गोष्टी बाल्कनीत जाऊन फोनवर बोलतो. बाल्कनी स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून आहे. बद्रीनाथ फोनवरही कालव्याच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसे बोलतात, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. योजना अशी होती. चारही गाड्या आदल्या दिवशी ढकलत-ओढत मिटमिट्याजवळ बद्रीनाथांच्या भावाच्या प्लॉटवर न्यायच्या. बायकांना भाड्याच्या जीपने पुढे वेरूळला पाठवायचं, स्वागतासाठी. पहिली मामांची गाडी निघेल. शिवराज मोटारसायकलवर तिच्या मागे. वेरूळला पोचलं की तो कार्बोरेटर काढून घेऊन मिटमिट्याला परत येईल आणि सोमनाथच्या गाडीला बसवेल. मग बद्रीनाथांच्या. शेवटी स्वतःच्या.

"आणि परत येताना?" शिवराजने विचारलं.

"तसंच परत!" पलीकडून बद्रीनाथ गरजले.

"हां. तसंच परत," शिवराज म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी कांदा चिरत होते. सुरी थांबवून मी ती मांडणी मनात एकदा शेवटपर्यंत नेली, आणि पुन्हा चिरायला लागले.

रविवारी सकाळी आम्ही तिघी वेरूळच्या गाडीतळाच्या कडेला, सावलीतल्या कट्ट्यावर बसलो. येताना दौलताबादला पेरू घेतले होते. मामींनी मीठ-तिखटाची पुडी घरूनच आणली होती. मामींनी अशी बैठक मारली होती, जशी लोक तमाशाला मारतात.

पहिले मामा आले. डोक्याला फेटा, एक हात खिडकीबाहेर. सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांनी ओरडा केला. मामा उतरले, त्यांनी मुलांना टायरला हात लावू दिला. तेवढ्यात मागून शिवराज मोटारसायकलवर आला आणि बॉनेट उघडून आत घुसला.

"काय झालं हो?" मी मामांना विचारलं.

"काय नाय सूनबाई. इंजिनाला वारं लागू द्यावं लागतं."

शिवराज टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जेवणाच्या पिशवीत घालून निघाला.

"काय रं शिवराज," मामींनी हाक मारली, "आल्या पावली डबा घिऊन कुठं?"

"मागच्या गाड्यांना पाणी न्यायचंय, मामी."

"टावेलात?"

त्याने किक मारली.

एक गृहस्थ मामांच्या गाडीपाशी आले. कुटुंबासोबत फोटो काढून झाल्यावर म्हणाले, "अंकल, एक राउंड मारके दिखाओ ना."

"अब्बी आराम कर री गाडी," मामा म्हणाले. "बुजुर्ग है."

मग सोमनाथ आला. त्याचीही गाडी आल्या आल्या आराम करायला लागली. मग बद्रीनाथ, मंडळाची टोपी घालून. प्रत्येक वेळी मागून शिवराज, बॉनेट, टॉवेल, पिशवी. तिसऱ्या खेपेला त्याच्या भुवया धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या आणि हातांना पेट्रोलचा वास येत होता. मी त्याला पेरूची फोड दिली. त्याने ती उभ्यानेच खाल्ली आणि पुन्हा घाटाला लागला. माणूस गाडीसाठी एवढा राबू शकतो, तर गॅसचा सिलिंडर बदलायला त्याची पाठ का धरते, असा प्रश्न मला पडला. पण तो वेगळा विषय आहे.

उन्हं कलायला लागली तेव्हा आमची फियाट आली. ती सुंदर दिसत होती, हे लिहायला हवं. फिक्या निळ्या रंगावर तिरपं ऊन होतं आणि लांबी कुठं भरली आहे ते दिसत नव्हतं. शिवराजने हॉर्न वाजवला. त्याचा चेहरा पाहून मला क्षणभर वाटलं, याला जिंकू द्यावं.

चारही गाड्या एका ओळीत उभ्या राहिल्या. फोटो झाले. मग मामांनी शिवराजला डोळ्याने खुणावलं. "चल, काढ. आधी माझी."

"तसंच परत," बद्रीनाथ म्हणाले. "आधी काकासाहेब. शिवराज मोटारसायकलवर मागे जाईल, तिथून कार्बोरेटर घेऊन इथं येईल, मग सोमनाथ..."

"मोटारसायकल कुठंय?" सोमनाथने विचारलं.

लेण्यांकडून माकडांचा आवाज येत होता.

"मिटमिट्याला," शिवराज म्हणाला.

"मिटमिट्याला?" मामा. "आन् तू कशानं आला?"

"गाडीनं. तुम्हीच म्हणालात, शेवटी तुझी गाडी आण."

"म्हणजे मोटारसायकल तिकडं आणि कार्बोरेटर इकडं," बद्रीनाथ हळूहळू म्हणाले. कालवा बांधून झाल्यावर धरण खालच्या अंगाला आहे हे कळावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"जीपने नेऊ की," सोमनाथ म्हणाला.

"जीप सोडून दिली. येताना तुमच्याच गाड्यांतून जाणार होतो ना आम्ही," मी म्हणाले.

मग चौघंही एकदम बोलायला लागले. कार्बोरेटर मुळात माझा आहे, असं मामा म्हणाले. सोमनाथ म्हणाला, उद्या बँक आहे. बद्रीनाथ म्हणाले की ते ज्येष्ठ आहेत. मामा म्हणाले, ज्येष्ठ मी आहे. आम्ही तिथंच बसलो आहोत आणि कार्बोरेटर हा शब्द मोठ्याने उच्चारला जातो आहे, याचं भान कुणाला राहिलं नाही.

"आवो," मामी म्हणाल्या, "तो कारबोरेटर हळू तरी बोला. पिंडीला ऐकू जाईल."

चौघं आमच्याकडे वळले. आम्हाला सगळं ठाऊक आहे, हे बहुतेक तेव्हाच त्यांना कळलं. मामांनी फेटा काढला.

"शिवराज," ते म्हणाले, "बॉनेट उघड."

"उघडतो मामा. इंजिन गरम आहे. हँडब्रेक लावून घेतो." तो गाडीत बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "तनू, बस."

मी बसले. अट माझी होती, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारं कोणीतरी गाडीत असायला हवं होतं. दार लागायच्या आत गाडी सुरू झाली होती.

"ए! आरं माझं हाय ते! भाच्या! आरं लाज धर!" मामा हातात फेटा घेऊन मागे धावले. सोमनाथ त्यांच्याही पुढे धावत होता. बद्रीनाथ धावले नाहीत. ते हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत उभे होते.

खुलताबाद मागे पडेपर्यंत शिवराज आरशात मागचा रस्ता बघत होता. घाट उतरताना म्हणाला, "मी चुकलो का गं?"

"अटीत मित्रांचा उल्लेख नव्हता."

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला आणि त्याला बरं वाटलं. शिवराजला टोमणा कधीच लागत नाही. आमचा संसार त्यावरच टिकला आहे.

दिवे लागायच्या आत आम्ही उस्मानपुऱ्यात होतो. मी स्वतः शटर वर केलं. त्याने गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला.

"गाळा गाडीचा," मी म्हणाले.

वर जाऊन मी ब्युरेटची खोकी पुन्हा पलंगाखाली सरकवली. एक खोकं आडवं येत होतं. ते पायाने आत लोटलं, जरा जोरातच. नापास झालेला नमुना मी कधी पास लिहिला नव्हता, आणि आता पास झालेला नापास लिहिणार नव्हते. पण रात्री मी भात मुद्दाम गिचका शिजवला, हेही खरं आहे.

सकाळी ते भाड्याच्या जीपने आले. मामा, सोमनाथ, बद्रीनाथ, आणि बघायला साळूमामी. आदल्या संध्याकाळी मामांनी गावाकडचा ट्रॅक्टर बोलावला होता. तीन गाड्या दोराने एकामागे एक बांधून घाटातून आणल्या होत्या. खुलताबादेत लोकांनी वरात समजून वाट करून दिली, असं मामी म्हणाल्या. "म्या आतून हात हालीवला."

मामा सरळ बॉनेटपाशी गेले. "पाना दे."

"मामा, ऐका तरी..."

"पाना."

कार्बोरेटर निघाला. शिवराज पडेल चेहऱ्याने बघत होता, तोच सोमनाथ म्हणाला, "रेडिएटर माझा आहे."

"तो तू मला दिला होतास!"

"वापरायला. देऊन टाकला नव्हता."

"मैत्रीत असं असतं का?"

"काल होतं," सोमनाथ म्हणाला आणि पाइप सोडवायला वाकला.

मैत्रीत कुणाचं काय हे कुणी विचारत नव्हतं, पण लक्षात सगळ्यांच्या होतं. आमच्या गाडीत प्रत्येकाच्या अडगळीतला एकेक जादाचा भाग होता. बॅटरी मामांच्या जुन्या ट्रॅक्टरची निघाली. डायनामो सोमनाथचा. मामा आता थांबायला तयार नव्हते. "आन् वायपर."

"मामा, वायपर?"

"सोडत नसतो."

शेवटी बद्रीनाथ घसा खाकरून म्हणाले, "चाकं."

"कोणती?"

"चारही. स्टेपनी तुमची आहे. ती ठेवा."

ते जॅक घेऊन गाडीशेजारी बसले. गाळा अरुंद आहे. गाडी आणि भिंत यांच्यात माणूस आडवाच चालतो. बद्रीनाथांनी जॅकचा दांडा फिरवला, तो भिंतीला लागला. दुसऱ्या बाजूने फिरवला, तिकडेही लागला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मी जिन्यात उभी होते. त्या सकाळी मी एकच वाक्य बोलले होते, चहा घेणार का. आता दुसरं बोलले.

"आत दांडा फिरणार नाही, बद्रीनाथकाका. गाडी बाहेर घ्या."

"बरोबर आहे," बद्रीनाथ म्हणाले.

चौघांनी ढकलली. चौघांनी, कारण सवयीने शिवराजनेही हात लावला. गाडी गाळ्यापुढच्या छोट्या अंगणात कंपाउंडच्या भिंतीशी गेली. एकेक चाक निघालं आणि त्या जागी विटा आल्या. शेवटचं चाक निघाल्यावर फियाट थोडी कलली आणि स्थिर झाली. मामी कौतुकाने म्हणाल्या, "बसली बाई."

शिवराजने विटांवरच्या गाडीकडे पाहिलं, मग रिकाम्या गाळ्याकडे.

"आता ही आत कशी घ्यायची?"

बाकीचे तिघं चाकं जीपमध्ये भरत होते.

"तनू," तो म्हणाला, "मी जिंकलो होतो ना?"

"जिंकला होतात," मी मामांसमोरचं अहो-जाहो सांभाळून म्हणाले. "गाळा तिचाच आहे. तिला यायला सांगा."

त्यांचं भांडण टिकणार नाही हे मला माहीत होतं. हे चौघं एकमेकांशिवाय कुणाला सहन होत नाहीत. शिवराज तर लगेच समजूत काढायला मामांमागोमाग मळ्यावर गेला आणि आठवडाभर तिथूनच कॉलेजात जात राहिला. म्हणून त्याच दुपारी मी रंगाऱ्याला बोलावलं, आणि नळवाल्याला, आणि कडप्प्याचा ओटा करणाऱ्याला. तिघांच्याही मागे घाई लावली. नळवाला म्हणाला, "मॅडम, इतकी काय घाई?" मी म्हणाले, माणसं परत बोलायला लागायच्या आत काम व्हायला हवं. त्याला ते कळलं नाही, पण काम त्याने वेळेत केलं.

पुढच्या रविवारी जीप आली. चौघं एकत्र हसत उतरले. मामांचा हात शिवराजच्या खांद्यावर होता आणि जीपमध्ये चाकं होती. ते शटरपाशी आले आणि थांबले. आत भिंती पांढऱ्या होत्या. जिथं फियाटचं पुढचं चाक उभं राहायचं, तिथं सिंक बसलं होतं. फ्लेम फोटोमीटर ओट्यावर होता आणि मी त्याची वायर लावत होते.



मामा चपला काढून आत आले. ओट्यावरून त्यांनी हात फिरवला.

"कडप्पा चांगला हाय," ते म्हणाले. "सूनबाई, आमच्या हिरीचं पानी औंदा मचूळ लागतंय. बघशील का?"

"बघते की. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि मग भरून आणा," मी म्हणाले. "आणि मामा, चाकं बाहेरच ठेवा."